कारणाचा रकाना

रकाना दीड बोटाचा आहे, साहेब.
त्यात एकच आकडा मावतो.
एक म्हणजे अंतर, दोन म्हणजे नकार,
तीन म्हणजे अज्ञान,
चार म्हणजे इतर.
चिल्वा सरोवराच्या काठाकाठानं
सायकलला बर्फाची पेटी बांधून फिरतो मी,
आणि सहा वर्षं झाली,
बहुतेक चारच लिहितो.

आज हात चालत नाही.

मागच्या गुरुवारी फलेसी आली होती,
अंधारात निघालेली,
पाठीवर चितेंजेत बांधलेली तियामिके,
नऊ महिन्यांची, कानात लाल दोरा.
वाटेतल्या ओढ्याला नाव नाही,
कोरड्या दिवसांत तो नसतोच.
परवा होता.
पलीकडे नेणाऱ्या पोराला तिनं दोन सुके मासे दिले.
आंब्याखाली सात जणी बसल्या होत्या.
ती आठवी.

गोवराच्या कुपीत दहा लेकरांचं औषध.
फोडली की सहा तास,
उरलेलं ओतून टाकायचं
आणि वाया गेल्याचा हिशेब
जिल्ह्याच्या कचेरीत उभं राहून द्यायचा.
जूनमध्ये मी दिला होता.
तुम्ही चष्मा काढून ठेवला होता, आठवत असेल.

म्हणून बसलो वाट बघत.
आणखी दोघी आल्या असत्या तर.

एनेलेसी आली नाही, तिचं कार्ड पुरात भिजलं
आणि गेल्या खेपेला नर्सबाई सगळ्यांसमोर म्हणाली,
जपता येत नाही तर जन्माला कशाला घालता.
रुफीनाचा मामा नको म्हणतो.
त्यांच्यात मामाच ठरवतो, बाप नाही,
आणि मामा अडाणी नाही, साहेब.
तो म्हणाला, दुष्काळात मक्याचा ट्रक मागितला
तेव्हा रस्ता खराब होता.
थेंबांची गाडी आली तेव्हा तोच रस्ता चांगला कसा झाला?
पोटात काय नाही ते न विचारता
तोंडात काय घालता?
याला दोन लिहू?
मी उत्तर दिलं नव्हतं. सायकलची साखळी बसवत राहिलो.

ऊन बुंध्यापर्यंत आलं.
एकीला बाजार गाठायचा होता, ती उठली.
मग सात.
मी घसा साफ केला
आणि पुढच्या महिन्याचा पहिला गुरुवार सांगितला.

फलेसी भांडली नाही.
पेटीकडे बघून विचारलं,
"ते औषध आता परत नेणार?"
"हो."
"म्हणजे तेही माझ्यासारखंच.
एवढं लांब आलं आणि तसंच परत."

आज पहिला गुरुवार.
आंब्याखाली बारा जणी, कुपी फोडली,
दहा झाली, दुसरी फोडली, दोन झाली,
फलेसी नाही.
शेजारीण म्हणाली, नवऱ्यामागं सरोवरात गेली,
तरंगत्या बोरूंवरच्या झोपडीत,
मासे सुकवायला, पाऊस उतरेपर्यंत.
आणि सहज म्हणावं तसं म्हणाली,
तिथं दोन पोरांना ताप आहे, अंगावर पुरळ.

तर आता मी धक्क्यावर उभा आहे.
दुसऱ्या कुपीत आठ जणांचं उरलंय,
सहा तासांतले दोन संपलेत,
पेटीतला बर्फ बोटाएवढा.
नावाडी पैसे आधी मागतो.
विचारतो, किती पोरं आहेत तिकडं?
मी म्हणतो, एक तर नक्की.
तो हसतो. एकीसाठी?
मी चप्पल काढून नावेत चढतो.

सात वाया जातील कदाचित.
सोमवारी येऊन उभा राहीन, साहेब,
चष्मा काढून ठेवा.

तियामिकेच्या नावापुढचा रकाना कोराच आहे.
कारण कोण, ते मला माहीत आहे,
पण त्याला तुमच्याकडे आकडा नाही.
कागद थोडा ओला झालाय तिथं.
वल्ह्याचं पाणी आहे.
गैरसमज नको.